शालेय ग्रंथालय आणि वाङ्मयीन ग्रहणव्यवहार : बडोद्याची पेटी ते शाळेचे कपाट

एका भाषेतील साहित्य दुसऱ्या भाषेत कसे पोहोचते आणि कसे रुजते याचा विचार करताना तौलनिक साहित्याभ्यास सामान्यतः अनुवादक, प्रकाशक, नियतकालिके, समीक्षक आणि विद्यापीठीय अभ्यासक्रम यांच्याकडे पाहतो. ही सारी प्रौढांच्या व्यवहाराची स्थाने आहेत. प्रत्यक्षात बहुसंख्य भारतीय वाचकांची परभाषिक साहित्याशी पहिली गाठ पडते ती याच्या कितीतरी आधी, शाळेत. आणि पुष्कळदा ती पाठ्यपुस्तकात न पडता शाळेच्या ग्रंथालयातील एखाद्या जीर्ण, पुठ्ठा निखळलेल्या पुस्तकात पडते. आपण वाचतो आहोत ते मुळात फ्रेंच, रशियन वा बंगाली आहे याचा त्या वाचकाला बहुधा पत्ताही नसतो. ग्रहणाच्या या पहिल्या पायरीची नोंद साहित्येतिहासात जवळजवळ नाही. शालेय ग्रंथालयाचा विषय शिक्षणशास्त्राकडे किंवा ग्रंथालयशास्त्राकडे सोपवून साहित्याचा अभ्यासक मोकळा होतो. ही विभागणी सोयीची असली तरी योग्य नाही.

येथे आरंभीच एक भेद स्पष्ट करायला हवा. ग्रंथसंग्रह आणि ग्रंथालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तके कपाटात असणे म्हणजे संग्रह. कोणते पुस्तक कोणत्या वाचकाच्या हाती, केव्हा आणि कशानंतर जावे याचा विचार करणारी व्यक्ती तेथे असणे म्हणजे ग्रंथालय. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांचा गाभा हाच आहे. पुस्तक वापरासाठी असते, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, या सूत्रांत ग्रंथपाल हा शब्द येत नाही. पण ग्रंथपाल वगळला तर एकही सूत्र अमलात येत नाही. रंगनाथन हे १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वी गणिताचे अध्यापक होते, आणि पुढे १९४२ मध्ये त्यांनी शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, हेही या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मराठीपुरते बोलायचे तर मुलांसाठीच्या मुद्रित वाङ्मयाचा आरंभच मुळी अनुवादाने आणि शाळेच्या आश्रयाने झाला. तंजावरला सरफोजीराजे (दुसरे) यांच्या आश्रयाखाली सख्खन पंडितांनी केलेले इसापच्या कथांचे मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने १८०६ मध्ये छापले गेले. म्हणजे मराठी मुलाच्या हाती पडावे असे हे आद्य मुद्रित पुस्तक मराठी मुलखाबाहेर, तमिळ प्रदेशात, ग्रीक परंपरेतील कथा घेऊन सिद्ध झाले. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ सिद्ध केले. त्याचे मूळ बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे. याही ग्रंथामागे शाळापुस्तके तयार करणाऱ्या मंडळीची प्रेरणा होती. या टप्प्यावर शाळेचे पुस्तक आणि शाळेतील ग्रंथालयाचे पुस्तक असा भेद नव्हता. परीक्षेसाठी वाचायचे आणि आपखुशीने वाचायचे अशी फारकत पुढे झाली आणि तिच्यातूनच शालेय ग्रंथालयाची गरज निर्माण झाली.

ही गरज राज्यव्यवस्थेच्या पातळीवर प्रथम ओळखली गेली ती बडोदे संस्थानात. तिचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती योजना सर्व संस्थानाला लागू केली. सक्तीने मूल शाळेत आणता येते, अक्षरओळखही करून देता येते. परंतु शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर ती ओळख चार-दोन वर्षांत पुसली जाते. शिक्षणावर केलेला खर्च अशा रीतीने वाया जाऊ नये, या व्यावहारिक विचारातून ग्रंथालयांची योजना पुढे आली. ग्रंथालय ही शिक्षणाची शोभा नव्हे, शिक्षणाचा विमा आहे, असा तो दृष्टिकोन होता. ग्रंथालयांविषयीच्या नंतरच्या कित्येक सरकारी ठरावांतील उदात्त भाषेपेक्षा हे साधे कारण अधिक भक्कम आहे, असे म्हणावे लागते.

अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले. बोर्डन तेथे १९१३ पर्यंत होते. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथांच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. १९११ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. हा वर्ग हिंदुस्थानातील पहिला मानला जातो. बोर्डन यांच्या नावाला या इतिहासात मिळालेल्या महत्त्वामुळे एक गोष्ट मात्र झाकली जाते. चरोतर भागात शिक्षक असलेल्या मोतीभाई अमीन यांनी त्यांच्या आधीपासूनच मित्रमंडळांच्या द्वारे गावोगाव वाचनालये उभी करायला प्रारंभ केला होता. अमेरिकेतून आली ती पद्धत. भूक इथलीच होती आणि ती प्रथम एका शिक्षकाने ओळखली होती. या चळवळीचा वृत्तान्त लिहिणारे जनार्दन सखाराम कुडाळकर (त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१९ चा) आणि न्यूटन मोहन दत्त (१९२८) हे दोघेही स्वतः त्या व्यवस्थेतील अधिकारी होते. साहजिकच त्यांच्या लेखनात व्यवस्थेचे यश ठळकपणे येते, आणि प्रत्यक्ष वाचणारी मुले आकडेवारीच्या आड राहतात.

योजनेची आर्थिक बाजू साधी होती. गावाने वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावी, असे तीन समान वाटे. परंतु ज्या गावाला तेवढीही ऐपत नव्हती, किंवा जेथे केवळ शाळा होती, त्यांच्यासाठी खरी किमया केली ती पेटीने. फिरत्या ग्रंथालयाच्या या लाकडी पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तके मावत. गावातील एखाद्या जबाबदार माणसाने, बहुधा शाळामास्तराने, ती मागवायची. वाहतुकीचा खर्च खात्याने सोसायचा. पुस्तके वाचून झाली की पेटी परत जायची आणि दुसरी यायची. पेट्यांत गुजराती पुस्तकांचा भरणा मोठा असला तरी मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी पुस्तकांच्याही पेट्या होत्या.

या पेटीचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने थोडा थांबून करायला हवा. पंधरावीस पुस्तकांची पेटी म्हणजे एक निवड असते. मध्यवर्ती कचेरीत बसलेला कोणी तरी माणूस, न पाहिलेल्या गावातील न पाहिलेल्या वाचकासाठी, ती निवड करत असतो. कादंबरीशेजारी शेतीचे पुस्तक, त्याशेजारी चरित्र, त्याशेजारी मुलांच्या गोष्टी असा जो क्रम लागतो, तो एका अर्थाने लहानसा साहित्यसंग्रहच होय. विद्यापीठात प्रमाण ग्रंथांची यादी कशी ठरली यावर पुष्कळ लिहिले जाते. गावच्या पेटीत काय गेले आणि काय गेले नाही, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे. शिवाय पेटी परत जात असल्यामुळे तिच्यात एक गुण आपोआप येई. न वाचली जाणारी पुस्तके गावात कुजत पडत नसत. आजच्या शाळेतील स्थिर कपाटाला हा गुण नाही. नाशिकहून २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने देशात आणि परदेशात मराठी वाचकांच्या गटांना १०० पुस्तकांच्या पेट्या फिरवायला प्रारंभ केला, तेव्हा जुनीच युक्ती नव्या रूपात परत आली असे म्हणता येईल.

बडोद्याच्या प्रयोगाची दुसरी विशेषता त्याच्या भाषिक रचनेत आहे. राजघराणे मराठी, प्रजेत बहुसंख्या गुजराती, आणि ग्रंथपालनाची नवी विद्या इंग्रजीतून आलेली. १९१२ पासून काही वर्षे निघालेले ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होते. याच वर्षी महाराजांनी देशी भाषांतील ग्रंथनिर्मितीसाठी दोन लाख रुपयांचा निधी काढला. त्यातून पुढे ‘सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘सयाजी बालज्ञानमाला’ या माला निघाल्या. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी निराळा विभागही होता. म्हणजे ग्रंथालय, ग्रंथपालांचे प्रशिक्षण, त्यांचे नियतकालिक आणि कपाटात ठेवायच्या बालवाङ्मयाची निर्मिती या चारही गोष्टी एकाच धोरणाच्या शाखा होत्या. ज्या भाषेत मुलांसाठी पुस्तकेच थोडी, तेथे नुसते ग्रंथालय उघडून भागत नाही, हे त्या काळी उमगले होते. अर्थात हे सारे वरून खाली येणारे होते. सरकारला जे ज्ञान प्रजेने घ्यावे असे वाटे ते पेटीत भरले जाई, आणि मुलाला काय हवे हा प्रश्न क्वचितच विचारला जाई.

तो प्रश्न बडोद्यापासून फार दूर नसलेल्या भावनगरात विचारला गेला. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी तेथे १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती कथारूप ग्रंथातील शिक्षक चौथीच्या वर्गावर जो प्रयोग करतो, त्यातील एक पाऊल शालेय ग्रंथालयाच्या दृष्टीने मूलगामी आहे. प्रत्येक मुलाने एकच पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी त्याच पैशात निरनिराळी पुस्तके घ्यावीत, म्हणजे प्रत्येकाला एकाच्या जागी सर्वांची पुस्तके वाचायला मिळतील, असा त्याचा हिशेब असतो. चाळीस मुलांनी एकच पुस्तक चाळीस वेळा विकत घेणे ही उधळपट्टी आहे, हा युक्तिवाद इतका सरळ आहे की तो अद्याप कोठे सार्वत्रिक का झाला नाही याचे आश्चर्य वाटावे. कारण उघड आहे. एकच पुस्तक असले की एकच परीक्षा घेता येते.

त्याहून महत्त्वाचे असे की हा शिक्षक पुस्तकांच्या आधी गोष्टी आणतो. मुले ऐकायला लागतात, ऐकण्यातून मागायला लागतात आणि मग पुस्तके येतात. ग्रंथपालाच्या कामात कथाकथनाला पाश्चात्त्य देशांत जे स्थान मिळाले, तेच येथे मौखिक परंपरेच्या आधाराने, ग्रंथपाल हा शब्दही न उच्चारता, सिद्ध झालेले दिसते. या विचाराला मराठीत आणण्याचे काम गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी केले. भावनगरात त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीप्रमाणे मराठीतही चालविली आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह तो प्रयोग आदिवासी मुलांपर्यंत नेला. गुजराती-मराठी साहित्यसंबंधांची चर्चा करताना नाटक, संतकाव्य आणि कादंबरी यांचे दाखले दिले जातात. बालशिक्षणाच्या या देवघेवीची गणना त्यांत होत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात बडोद्याचा आणि भावनगरचा असे दोन्ही धडे मागे पडले. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजे मुदलियार आयोगाने, शाळांतील ग्रंथालयांची जी स्थिती नोंदवली ती निराशाजनक होती. जुनी, मुलांच्या आवडीशी संबंध नसलेली पुस्तके, अपुरी खोली, आणि कारभार एखाद्या कारकुनाकडे किंवा नाखूश शिक्षकाकडे. प्रशिक्षित ग्रंथपाल नेमावा आणि त्याला शिक्षकाच्या बरोबरीचा दर्जा द्यावा, अशी आयोगाची भूमिका होती. पुढे १९८७ च्या खडूफळा मोहिमेने प्राथमिक शाळांना अन्य साहित्यासोबत पुस्तकेही दिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे असे बंधन घातले. २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वार्षिक ५,००० ते २०,००० रुपयांचे ग्रंथालय अनुदान ठरले. या साऱ्या तरतुदी पुस्तकांच्या आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या त्याच परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे, ग्रंथपालाची नाही. कायद्याने संग्रह दिला, ग्रंथालय दिले नाही. महाराष्ट्रातील अनुदानित माध्यमिक शाळांत ग्रंथपालाचे पद आहे, पण ते पूर्णवेळ असावे की अर्धवेळ हे विद्यार्थिसंख्येवर ठरते. लहान गावातील लहान शाळेला, जिच्या मुलांच्या घरी पुस्तक असण्याचा संभव सर्वांत कमी, तिला ग्रंथपाल मिळण्याचा संभवही सर्वांत कमी.

पद नसले की काम एखाद्या शिक्षकाकडे ‘प्रभार’ म्हणून जाते, आणि येथेच कपाटाला कुलूप लागते. पुस्तक ही शासकीय जिन्नस असते. साठा पडताळणीत ते सापडले नाही तर जबाबदारी प्रभारी शिक्षकावर येते, आणि फाटक्या पुस्तकाच्या निर्लेखनासाठी कागदपत्रांची जी यातायात करावी लागते तिच्यापेक्षा ते न देणे सोपे. अशा शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. वापराने पुस्तक झिजणार हे गृहीत न धरणारा नियमच त्याला राखणदार बनवतो. जेथे झिजलेल्या पुस्तकांचा वाटा आधीच मान्य केला जातो तेथे कुलूप आपोआप निघते, हे मुक्तप्रवेश देणाऱ्या ग्रंथालयांच्या अनुभवावरून सांगता येते.

ग्रंथपाल असल्याने विद्यार्थ्याच्या शिकण्यात काय फरक पडतो, याचे मोजमाप करण्याचे प्रयत्न मुख्यतः अमेरिकेत झाले. कीथ करी लान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोरॅडो राज्यात केलेल्या व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुसज्ज ग्रंथालय आणि पुरेसे ग्रंथपाल असलेल्या शाळांतील मुलांचे वाचनचाचण्यांतील गुण, आर्थिक स्थितीचा फरक लक्षात घेऊनही, अधिक असल्याचे दिसले. अशा अभ्यासांतून सहसंबंध कळतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आणि चाचणीतील गुण ही वाचकाची फार तोकडी ओळख आहे. भारतीय बहुभाषिक वर्गाला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

साहित्याच्या बाजूने पाहता ग्रंथपालाचे काम वेगळ्या शब्दांत सांगावे लागते. पाठ्यपुस्तकात साहित्य येते ते वेच्यांच्या रूपाने. ‘श्यामची आई’तील एखादी रात्र मुलाला धड्यातून भेटते, ते पुस्तक अनेक रात्रींचे आहे आणि त्यात कोकणातील एका घराची उतरती कळा आहे, हे धड्यातून कळत नाही. वेच्याकडून पुस्तकाकडे नेणारा पूल बांधणे हे ग्रंथपालाचे पहिले काम. दुसरे काम पुस्तकाकडून पुस्तकाकडे नेण्याचे. फास्टर फेणेच्या नादी लागलेल्या मुलाला त्याच भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न देता येतो, आणि व्हर्नच्या ओघात हे मूळ फ्रेंच आहे, असे दुसऱ्या भाषेतील पुस्तक आपल्या भाषेत येऊ शकते, हे सहज सांगता येते. अनुवाद ही संकल्पना मुलाच्या मनात रुजण्याचा हा क्षण असतो. विद्यापीठात तौलनिक साहित्याची पहिली तासिका घेणाऱ्या अध्यापकाला पुढे जे शिकवावे लागते, त्याचे अर्धे काम येथे झालेले असते. तिसरे काम भाषेकडून भाषेकडे नेण्याचे. घरी एक बोली, शाळेत प्रमाण भाषा, गल्लीत तिसरीच भाषा अशा मुलासमोर एकच गोष्ट दोन भाषांत ठेवली तर ते कमी येणाऱ्या भाषेत अधिक येणाऱ्या भाषेच्या आधाराने शिरते. गोव्यात २००५ पासून कार्यरत असलेल्या ‘बुकवर्म’सारख्या संस्थेने शाळांमधून ग्रंथालयाचे तास चालवताना मोठ्याने वाचून दाखवणे, पुस्तकावर गप्पा आणि चित्रपुस्तकांचा वापर यांवर जो भर दिला, त्यामागची जाणीव अशीच आहे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. बडोद्यातील मराठी ही १९४९ पर्यंत राजघराण्याची भाषा होती. विलीनीकरणानंतर, आणि विशेषतः १९६० मध्ये गुजरात राज्य झाल्यावर, ती एका अल्पसंख्य समाजाची भाषा झाली. इंदूर, ग्वाल्हेर येथेही कमीअधिक फरकाने हेच घडले, आणि बेळगावचा प्रश्न सर्वांस ठाऊक आहे. राज्यघटनेच्या ३५० (क) या अनुच्छेदाने १९५६ पासून भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. ‘सोय’ या शब्दाचा अर्थ व्यवहारात शिक्षक आणि पाठ्यपुस्तक इतकाच घेतला गेला. ग्रंथखरेदीच्या राज्यस्तरीय याद्या स्वाभाविकपणे राज्यभाषेतील पुस्तकांच्या असतात. महाराष्ट्रात बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून मुलांच्या हाती पडत आले; पण सीमेपलीकडील मराठी शाळेला ते मिळावे ही कोणाच्याच कामाची बाब नव्हती. परिणामी पाठ्यपुस्तकाबाहेरचे मराठी ज्याने पाहिलेच नाही असा मराठी माध्यमाचा विद्यार्थी तयार होतो, आणि पुढच्या पिढीत माध्यम बदलण्याचा निर्णय घरच्यांना सोपा जातो. शाळा बंद पडण्याची कारणे अनेक असतात. त्यांत रिकाम्या कपाटाची गणना मात्र होत नाही.

या साऱ्याचा अभ्यास करायचा तर साधने हाताशी आहेत, पण ती झपाट्याने नाहीशी होत आहेत. शाळेच्या दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक आणि किंमत लिहिलेली असते. देवघेव नोंदवहीत ते कोणी केव्हा नेले आणि परत केले याची नोंद असते. पन्नास-साठ वर्षांच्या अशा वह्या एका शाळेच्या जरी मिळाल्या तरी कोणत्या अनुवादित पुस्तकाला किती वाचक मिळाले, कोणते पुस्तक एकदाही बाहेर गेले नाही, मुली काय नेत आणि मुलगे काय, हे अनुमानाने न सांगता दाखवून देता येईल. पण पुस्तके रद्दीत जातात तेव्हा त्यांच्याबरोबर वह्याही जातात. संगणकीय नोंदी आल्यावर जुन्या वह्या जपण्याचे कारण कोणाला उरत नाही. वहीच्या रचनेतही एक उणीव प्रथमपासून आहे. तिच्यात लेखकाचा रकाना असतो, अनुवादकाचा नसतो. त्यामुळे कित्येक शाळांच्या वह्यांत ज्यूल व्हर्नच्या मराठी कादंबऱ्या भागवतांच्या नावावर आणि भागवतांच्या व्हर्नच्या नावावर सापडण्याचा संभव आहे, आणि कोणत्या शाळेने कोणते नाव लिहिले, यावरूनही त्या काळच्या शिक्षकाची अनुवादाविषयीची समजूत वाचता येईल.